कुणाचं तोंड

त्या वर्षी भातं कापून खळ्यावर आली आणि भाऱ्यांची उडवी रचायचं काम निघालं. तुळसा वर उभी राहून भारे लावत होती, खालून तिचा चुलत दीर केरू एकेक भारा वर फेकत होता. उडवी पुरुषभर उंच झाली असेल नसेल, तेवढ्यात एक भारा जरा जोरात आला, तुळसाचा तोल गेला आणि ती पाठीवर खाली आली. खळ्याच्या कडेला जांभ्याचा चिरा होता. डोक्याचा मागचा भाग त्यावर आपटला.

रक्त फारसं आलं नाही. पण तुळसा बेशुद्ध झाली, तिला उचलून घरात आणावं लागलं. सावर्ड्याहून डॉक्टर आले, इंजेक्शन देऊन गेले. पडून राहू दे म्हणाले. तुळसा पडून राहिली. कधी डोळे उघडी, कधी मिटी. शेवटी एका सकाळी तिला चांगली जाग आली. डोकं हलकं वाटलं, भूक लागल्यासारखं झालं.

उशाशी एक म्हातारी बसली होती, हातात पेजेची वाटी घेऊन. तुळसाने तिच्याकडे पाहिलं. कपाळावर गोंदण होतं, नाकाच्या बाजूला चामखीळ होती, खालचा एक दात पडलेला होता. सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. पण ही बाई कोण, ते काही केल्या आठवेना. शेजारची कुणी असेल म्हणून ती गप्प राहिली.

"घे गो, दोन घोट पी. आज डोळ्यात जीव दिसतोय तुझ्या," म्हातारी म्हणाली.

आवाज हौसाचा होता. आठ-नऊ वर्षं जिच्या हाताखाली नांदली, त्या तिच्या सासूचा. तुळसाने दचकून पुन्हा तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे, नाक, गाल, हनुवटी सगळं जागच्या जागी होतं, पण त्या सगळ्याची मिळून हौसा होत नव्हती. सासूच्या आवाजात कुणी परकी बाई बोलत होती. अजून नीट शुद्ध आली नसेल, उद्या बरं वाटेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि मुकाट्याने पेज प्याली.

उद्याही तसंच झालं, परवाही. घर तिला ओळखता येत होतं. गोठ्यातली गाय, चुलीवरची कढई, परड्यातला फणस, वाडीतलं घर न् घर तिला ठाऊक होतं. माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की मात्र डोक्यातून काहीच उठत नव्हतं. पाहायला येणाऱ्या बायका दारातून आत शिरत आणि तुळसा त्या बोलायची वाट बघत बसे. कुणी बोललं की तिचा जीव भांड्यात पडे. आरशात पाहिलं तर तिथेही एक बाई होती. तुळसाने गालाला हात लावला, त्या बाईनेही लावला. त्यानंतर तिने आरसा खुंटीवरून काढला आणि ट्रंकेमागे सारून ठेवला.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? नवरा गंगाराम मुंबईला गिरणीत कामाला होता, वर्षातून दोनदा गावाला येई. आणि सखूचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. वाडीतली ही सखू एका तापानंतर काहीबाही बोलायला लागली. बाहेरचं लागलं म्हणून तिला देवऋष्याकडे फिरवलं, अंगारे लावले आणि शेवटी माहेरी नेऊन घातलं. तिची मुलं इकडे राहिली, ती तिकडे. तुळसाची गोदा पाच वर्षांची होती. सखूची आठवण झाली की तुळसाच्या तोंडाला आपोआप कुलूप लागे.

मग तिने माणसं दुसऱ्या तऱ्हेने ओळखायला सुरुवात केली. हौसा गुडघा धरून चाले आणि उठताना "आई गो" म्हणे. केरू बोलण्याआधी घसा साफ करी. शेजारच्या यमुनाबाईच्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या, त्यांचा आवाज तिच्याआधी अंगणात येई. समोरचं माणूस ओळखीचं असो वा नसो, आधी हसायचं आणि त्याला बोलू द्यायचं, हे तिने अंगवळणी पाडलं. लोक म्हणत, पडल्यापासून तुळसा फार गोड झाली.

खरी पंचाईत पोरीची होती. घरात गोदा एकटीच पोर, त्यामुळे चुकायचा प्रश्न नव्हता. पण वाडीतली पोरं खेळायला जमली की तुळसा दारातच थांबून एकेकीकडे बघत राही. सगळ्यांचे झगे मळलेले, सगळ्यांची डोकी तेलकट. त्यातली आपली कुठली? तिने गोदाच्या वेणीला लाल रिबीन बांधली. काही दिवस बरे गेले. मग यमुनाबाईच्या नातीनेही तसल्याच रिबिनीचा हट्ट धरला, आणि एके दिवशी तिन्हीसांजेला तुळसा भलत्याच पोरीचा हात धरून घराकडे निघाली.

"काकू, मी गोदा नाय," पोरगी हसत म्हणाली.

मागून गोदा धावत आली. ती मात्र हसत नव्हती. आईच्या लुगड्याला धरून ती गुमान चालत राहिली आणि घरी पोचल्यावर विचारलं, "तू मला सोडून तिला का घेतलंस?" तुळसाने अंधार पडला होता म्हणून सांगितलं. अंधार तेवढा पडला नव्हता, हे पोरीलाही दिसत होतं.

माघात तुळसा सावर्ड्याच्या बाजाराला गेली. मीठ आणि सुकी मासळी घेतली, पाटी डोक्यावर घेतली आणि दुपार कलल्यावर परत निघाली. बरोबरच्या बायका फाट्यावर चहाला थांबल्या. गर्दीत तिला नको वाटे, म्हणून ती एकटीच पुढे झाली. हमरस्ता सोडला की वाडीपर्यंत ऐनाच्या आणि किंजळाच्या झाडीतून पायवाट जाते. अर्ध्या वाटेवर मागून कुणीतरी झपाझप येऊन तिच्या बरोबरीने चालू लागलं.

"काय तुळसे, बाजार केलास?"

आवाज दबका होता, सर्दी झाल्यासारखा. तुळसाने मान वळवून पाहिलं. मध्यम वयाचा पुरुष, सदरा आणि चट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, खांद्यावर पंचा. ती नेहमीसारखी हसली. तो बोलत राहिला. मुंबईत गिरण्यांचा संप झालाय म्हणतात, गंगारामाचं कसं काय? हौसाकाकीचा गुडघा कसा आहे? गोदा आता शाळेत घालायची झाली असेल. एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस परका कसा असेल? तुळसा हो-नाही करत चालत राहिली, पण हा आवाज कुणाचा ते काही तिला लागेना.

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "मी कोण, सांग बघू?"

तुळसा पुन्हा हसली. त्याने परत विचारलं, या वेळी तोही हसत होता. काहीतरी सांगणं भाग होतं. तिने अंदाजाने म्हटलं, "केरूभावजी."

तो क्षणभर थांबला. मग सावकाश म्हणाला, "हां. केरूच."

केरूचा आवाज तुळसाला चांगला माहीत होता. हा केरू नव्हता. आणि आपण याला ओळखत नाही, हे आता यालाही कळलं होतं. ती एवढा विचार करते आहे तोवर त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला वाटेवरून खाली, गचपणाच्या बाजूला ओढलं. पाटी पडली, मीठ सांडलं. तुळसाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी वीतभर अंतरावरून. डोळे पाहिले, भुवया पाहिल्या, ओठ पाहिले. तेवढ्यात वरच्या अंगाने बायकांचं बोलणं ऐकू आलं. मोळीवाल्या उतरत होत्या. तुळसा जीव खाऊन ओरडली. मनगट सुटलं आणि झाडीत पाचोळा वाजत लांब गेला.

बायकांना तिने डुक्कर आडवं गेलं म्हणून सांगितलं. घरी सासूला पाय घसरला म्हणून सांगितलं. काय सांगायचं होतं? कोण होता म्हणून विचारलं असतं. पाहिलंस ना त्याला, मग कोण होता? आणि ती काय उत्तर देणार होती?

त्याच संध्याकाळी वाडीतले चार पुरुष नेहमीप्रमाणे हौसाच्या ओटीवर येऊन बसले. संपाच्या बातम्या चालल्या होत्या. हौसाने चहा टाकायला सांगितलं. तुळसा कप घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच तिचे पाय अडले. एकेक तोंड तिच्याकडे वळलं. यातला एखादा तो असेल. असला तर तो आपल्याकडे बघत असेल, आपण बघतोय हे त्याला दिसत असेल आणि आपल्याला काही दिसत नाही हेही त्याला ठाऊक असेल. जे बोलत होते त्यांचे आवाज तिने ओळखले. एकजण काहीच बोलत नव्हता. त्याने नुसता हात पुढे करून कप घेतला. तुळसाच्या हातातल्या बशा वाजू लागल्या. हौसा आतून ओरडली, फोडशील गो.

तिथून पुढे तुळसाच्या जिवाला थारा राहिला नाही. विहिरीवर जाताना, शेतातून येताना, दळणाला बसलेली असताना, पुरुषाची चाहूल लागली की तिचं अंग ताठ होई. वाघ आला असता तर तिला कळलं असतं. हा तर रोज समोरून जाईल, रामराम घालील, चहा पिईल आणि तिला कळणार नाही. आवाजावर भरवसा होता, पण तो माणूस दबक्या आवाजात बोलला होता. मोकळ्या आवाजात बोलला तर? ती कोयती हाताशी ठेवू लागली. गोदाला एकटीला अंगणातसुद्धा सोडीना.

फाल्गुन लागला. तरव्याची, म्हणजे भाताची रोपं काढायची, जमीन भाजायला लागणारी टहाळी तोडून आणली होती, तिचे बारीक तुकडे करायचं काम परड्यात चाललं होतं. त्या दुपारी हौसा गोदाला घेऊन खालच्या वाडीत बारशाला गेली होती. तुळसा एकटीच टहाळी तोडत बसली होती. कुंपणाच्या वाटेवरचं बेडं उघडताना वाजलं.

एक माणूस आत आला. खांद्यावर पिशवी, मिशी नाही, गाल बसलेले, एका पायाने लंगडत होता. तुळसाने कोयती थांबवली. तिने हसावं की न हसावं?

"तुळसे, मी आलो," तो म्हणाला. आवाज म्हणजे नुसती हवा होती. घसा पार बसलेला.

हा गंगाराम होता. संप सुरू झाल्यापासून मोर्च्यातून ओरडून ओरडून त्याचा आवाज गेला होता. मुंबईहून तो एका ट्रकमधून आला होता आणि उतरताना त्याचा पाय मुरगळला होता. पण यातलं काहीच तुळसाला ठाऊक नव्हतं. तिचा गंगाराम दाणदाण पाय टाकीत चाले, त्याचा आवाज नदीपलीकडे जाई, आणि सुट्टीवर आला की पहिले दोन-तीन दिवस त्याच्या अंगाला कापसाचा आणि मशीनच्या तेलाचा वास येई. हा माणूस जवळ आला तर नुसता घामाचा वास आला. गिरणीचं तोंड पाहून त्याला दोन महिने होत आले होते.

"तिथंच थांबा," तुळसा म्हणाली.

"असं काय करतेस? अगो, मी. गोदा कुठाय? आई कुठाय?"

त्याने गोदाचं नाव घेतलं आणि तुळसाचं उरलंसुरलं धैर्य संपलं. त्या दिवशी झाडीतल्या माणसानेही असंच घेतलं होतं. ती उठून मागे सरली. तो समजुतीने बोलत पुढे आला. तिच्या माहेरचं नाव त्याने सांगितलं, लग्नात पाऊस कसा आला होता ते सांगितलं. जितकं जास्त सांगे तितकी ती जास्त भेदरे, कारण वाडीत हे सगळं सगळ्यांनाच माहीत होतं. तिची पाठ गोठ्याच्या कुडाला टेकली. मागे जायला जागा उरली नाही. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तुळसाने डोळे मिटले आणि कोयती चालवली.

कोयती त्याच्या दंडाखाली लागली. तो ओरडलाही नाही, आवाजच नव्हता. हात धरून मटकन खाली बसला. रक्त टहाळीवर ठिबकायला लागलं. तुळसा कोयती उगारून तशीच उभी राहिली. तेवढ्यात बेडं पुन्हा वाजलं, आणि हौसाची किंकाळी ऐकू आली.

"गंगारामा! माझ्या लेका!"

त्या हाकेने तुळसाला कळलं, समोर कोण बसलंय. कोयती तिच्या हातातून गळून पडली. हौसामागे गोदा उभी होती आणि आईकडे पाहत होती.

जखम खोल नव्हती, पण सावर्ड्याला नेऊन टाके घालावे लागले. डॉक्टरला गंगारामने टहाळी तोडताना लागलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी हौसा देवळातल्या गुरवाकडे कौल लावायला निघाली होती. सुनेच्या अंगात काहीतरी शिरलंय याबद्दल तिच्या मनात शंका उरली नव्हती. गंगारामने तिला अडवलं. तो तुळसाला घेऊन मागच्या पडवीत बसला आणि काय झालं ते विचारलं.

तुळसाने सगळं सांगितलं. उडवीवरून पडण्यापासून ते झाडीतल्या माणसापर्यंत. बोलताना ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती, त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत होती. एवढंच काय ते त्याचं म्हणून तिला ओळखता येत होतं.

गंगारामने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. मग म्हणाला, "माझं तोंड दिसत नाय तुला?"

"दिसतंय. डोळे दिसतात, नाक दिसतं. कुणाचं ते कळत नाय."

"आणि तो माणूस? त्याचं बघितलंस ना?"

"बघितलं. तुमच्याएवढंच बघितलं."

गंगाराम उठून गेला. त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि त्याला दोष तरी काय द्यावा? आंधळ्याला दिसत नाही हे समजतं. सुईत दोरा ओवणारी, भातातले खडे निवडणारी बाई नवऱ्याला ओळखत नाही, हे कुणाच्या मनाला पटेल? त्यात तो झाडीतला माणूस त्याच्या डोक्यात बसला होता. ती ओळखत असेल आणि सांगत नसेल, अशी एक पाल त्याच्या मनात चुकचुकत होती.

त्याने पुढे जे केलं ते या संशयापायी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याने केरू, वाडीतले शिवा आणि रावजी अशा तिघांना अंगणात बोलावलं. तिघेही साधारण त्याच्याच वयाचे, त्याच्याच बांध्याचे, बिनमिशीचे. चौघांनीही उघड्या अंगावर गळ्यापासून घोंगड्या पांघरल्या, म्हणजे पट्टी दिसू नये. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही असं ठरलं. मग त्याने हौसाकरवी तुळसाला बाहेर बोलावलं.

तुळसा दारात आली. अंगणाच्या कडेला माणसं जमली होती. समोर चार पुरुष एका रांगेत उभे होते, घोंगड्या पांघरून, गप्प.

"यातला तुझा घो कुठला, त्याच्यापाशी जाऊन उभी राह," हौसा म्हणाली.

तुळसा पायरी उतरली. पहिल्यासमोर गेली. डोळे तिच्याकडे रोखलेले होते. दुसऱ्यासमोर गेली. तिसऱ्यासमोर. चौथ्यासमोर. परत मागे आली. चौघांचे आठ डोळे तिच्याबरोबर सरकत होते. यात आपला नवरा आहे एवढं तिला माहीत होतं. आणि झाडीतलाही यातच असेल तर? एखाद्याकडे आपण नवरा म्हणून बोट करू आणि तो तोच निघाला तर? तिने श्वास ओढून वास घेतला. सगळ्या घोंगड्यांना एकच धुराचा वास होता. रांगेतलं कुणीतरी किंचित हसलं, की नुसता श्वास सोडला, कुणी ते तिला कळलं नाही. कडेला उभ्या बायकांतून कुजबुज सुरू झाली.

शेवटी ती एकापाशी जाऊन उभी राहिली.

तो रावजी होता.

अंगणात कुणी हसलं नाही. रावजीच कसानुसा झाला आणि दोन पावलं मागे सरला. तुळसाला त्यावरून कळलं की चुकलं. ती पुढच्याकडे वळली, मग त्याच्या पुढच्याकडे, आणि आता ती हात जोडत होती. "सांगा ना," ती म्हणत होती, "कुणीतरी बोला ना."

"पुरे," हौसा म्हणाली आणि पायरी उतरून तिने सुनेला जवळ घेतलं. "पुरे झालं. मेल्यांनो, बोला काहीतरी."

गंगारामने घोंगडी टाकली. त्याला तिच्या सगळ्या बोलण्याची खात्री पटली होती. रात्री जेवणं झाल्यावर तो तिच्याजवळ बसला आणि चुकलो म्हणाला. तुळसाने मान हलवली. मग ती हळूच म्हणाली, "इतके दिवस झाडीतल्या त्या माणसाला नुसता संशय असेल. आज सगळ्या वाडीसमोर दाखवलंत तुम्ही. आता त्याला पक्कं कळलं."

गंगाराम उठला, दाराला आतून कडी घातली, आणि ती बसली आहे का ते दोनदा हलवून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात तो तिला एसटीने रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं, अक्षरांऐवजी चित्रं दाखवली. बैल, छत्री, किल्ली, सगळं तिने बरोबर सांगितलं. मग त्यांनी टेबलावरचा एक फोटो तिच्यापुढे धरला. बाई आहे, तिने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ही माझी बायको, मघाशी तुम्हाला पाणी देऊन गेली ती. डोळे धडधाकट आहेत, त्यांनी गंगारामला समजावलं. पण डोळ्यांनी पाहिलेलं तोंड कुणाचं हे सांगणारी जागा डोक्यात मागच्या बाजूला असते, तिथे मार बसलाय. हे वेड नाही, भूतबाधा तर नाहीच. औषध नाही. काहींना थोडंफार परत येतं, काहींना येत नाही.

परत येताना तुळसा खिडकीशी बसली होती. आपल्याला वेड लागलेलं नाही, एवढं ऐकून तिला रडू आलं होतं. मग एसटी माणसांनी भरत गेली, आणि तिने गंगारामचा सदरा मुठीत घट्ट धरून ठेवला. तो पाणी आणायला म्हणून एका स्टँडवर उतरला, तेव्हा ती त्याच्यामागे उतरली.

हौसाने मात्र आपल्या परीने बंदोबस्त केला. शिमग्याला पालखी दारात आली, सगळी वाडी जमली, तेव्हा तिने देवासमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तिच्या सुनेसमोर येणाऱ्याने आधी तोंडाने नाव सांगायचं. नाव न सांगता जो पायरी चढेल त्याचा पाय ती स्वतः मोडेल, मग तो घरचा असो की दारचा. झाडीतल्या माणसाबद्दल ती काही बोलली नाही, पण तेही लपून राहिलं नव्हतं. पुरुष खाली मान घालून ऐकत होते. त्यातल्या एकाने तरी ते वेगळ्या कानांनी ऐकलं असेल. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. गंगारामने केरूला, रावजीला, खालच्या वाडीतल्या पोरांना खोदून खोदून विचारलं. कुणी कबूल होणार नव्हतंच.

संप काही मिटेना. गंगाराम गावातच राहिला. त्याचा आवाज परत आला, पाय बरा झाला. परसातून येताना तो लांबूनच काहीतरी बडबडत येई, म्हणजे तिने दचकू नये. गोदानेही ते उचललं. "मी आलेय गो आई, गोदा," असं म्हणत ती घरात शिरे. हे ऐकलं की तुळसाला बरं वाटे आणि दर खेपेला आत काहीतरी तुटे.

आषाढात लावणी आली. पाऊस धरून होता. सगळी वाडी एकमेकांच्या शेतात राबत होती, कंबरेत वाकून, डोक्यावरून पाठीपर्यंत इरली घेऊन. इरल्याखाली कुणाचं तोंड कुणालाच दिसत नाही. नुसते चिखलातले हात आणि पिंढऱ्या. एकमेकांना हाक मारायची तर आवाजावरच मारायची. यमुनाबाई केरूला रावजी म्हणाली, केरू तिला आणखी कुणी म्हणाला, हशा पिकला. तुळसा एकदाही चुकली नाही. कितीतरी महिन्यांनी ती मोकळी हसली. गंगाराम पलीकडच्या खाचरात चिखल करत होता, बैलांवर ओरडत होता.

तिने कंबर सरळ करायला मान वर केली, तर बांधावर एक माणूस उभा होता. इरलं पार नाकापर्यंत ओढलेलं. तो कुणाशी बोलत नव्हता. तुळसाकडे तोंड करून नुसता उभा होता.

"कोण?" तुळसाने विचारलं.

तो बोलला नाही. पाऊस इरल्यांवर वाजत होता. एकेक करून बायकांचे हात थांबले. हौसा गुडघा धरून उभी राहिली.

"कोण रे तो? नाव सांग आधी."

थोडा वेळ गेला. मग इरल्याखालून आवाज आला, "शिवा गो काकी, शिवा. तंबाकू होती तोंडात."

बायका हसल्या. हौसाने त्याला दोन शिव्या घातल्या आणि रोपांच्या मुठी आणून टाकायला सांगितलं. आवाज शिवाचाच होता, तुळसाला त्यात शंका नव्हती. त्याच्या तोंडात तंबाखू नेहमीच असे, हेही खरं. पण मघाशी तो इतका वेळ गप्प का राहिला, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. ती पुन्हा वाकली. तिच्या हातची रोपं वाकडीतिकडी लागत होती, काही तर पाण्यावर तरंगायला लागली.

हौसा ओळ सोडून तुळसाच्या आणि बांधाच्या मध्ये येऊन वाकली. तरंगणारी रोपं तिने गोळा केली आणि पुन्हा लावली. ते खाचर पुरं होईपर्यंत म्हातारी तिथून हलली नाही.